बंदर अहमदपूर

लातुरात, जिथं एका उन्हाळ्यात प्यायचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं, तिथं एका माणसाच्या अंगणात बोट होती. खरी, लाकडी, वल्ह्यांची, जहाजाच्या कडेला टांगतात तसली. मोडीत निघालेल्या कुठल्याशा जहाजावरची ती बोट ट्रकवर घालून आणली, तेव्हा आमच्या गल्लीनं ड्रायव्हरला गराडा घालून विचारलं होतं, पत्ता चुकला का बाबा. ड्रायव्हरच्या शेजारून इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला एक उंच माणूस उतरला आणि म्हणाला, "पत्ता बरोबर हाय. समुद्र चुकलाय."

हे कॅप्टन यशवंत सोनकांबळे. मूळचे मुदखेडचे, वडील रेल्वेत गँगमन. मालवाहू जहाजांवर जन्म घालवून निवृत्त झाले आणि मुंबई-पुण्याला फ्लॅट घ्यायचा सोडून लातुरात आले. का, तर लातुरात क्लास चालतात. डॉक्टर आणि इंजिनियर घडवणारे क्लास आमच्याकडे गल्लीबोळात आहेत; कप्तानांनी जहाजावर जाणाऱ्यांचा काढला. जहाजविद्येचं जे मोठं विद्यापीठ आहे, त्याच्या प्रवेशपरीक्षेची तयारी. तिथं मी फिजिक्स शिकवायचे.

ते गेले तेव्हा पेपरात छापून आलं, 'कोरडवाहू मुलखातल्या मुलांना समुद्राचं स्वप्न दाखवणारा द्रष्टा.' वाचून मला हसू आलं आणि रागही आला. कसलं स्वप्न आणि कसला द्रष्टा. तो माणूस सूड उगवत होता. हे ते स्वतः उघड सांगत, आल्यागेल्याला सांगत, आणि लोकांना ते थट्टेचं बोलणं वाटायचं. माणूस मेला की त्याच्या रागावर पांढरा रंग फासायची आपल्याकडे पद्धत आहे. मी तो रंग लावणार नाही, कारण त्यांचा राग हीच त्यांच्याजवळची सगळ्यात स्वच्छ वस्तू होती.

त्यांच्या सवयी अशा. भाजी घेतानासुद्धा पाय फाकवून उभे राहत, जणू गंजगोलाईचा चौक आत्ता एका बाजूला कलणार आहे. चहा बिनसाखरेचा. कुणाला 'चालेल' म्हणू देत नसत. 'होय' किंवा 'न्हाई'. विद्यापीठाचं नाव त्यांनी माझ्यासमोर एकदाही घेतलं नाही. 'तिथं' म्हणत. मुलगा परीक्षा पास होऊन पेढे घेऊन आला, तर पेढा हातात धरून ते फक्त एवढंच म्हणत, "तिथं एक माणूस वाढला."

एकदा आमच्या गणिताच्या कांबळे सरांनी त्यांना भीत भीत म्हटलं, "सर, बुद्धानं तर वैर सोडायला सांगितलंय. आपण त्याच वाटेवरचे."

"हाव," कप्तान म्हणाले. "वाट बरोबरच हाय. माझी गाडी लेट हाय."

रविवारी सकाळी ते इतिहास शिकवत. प्रवेशपरीक्षेत इतिहास नसतो हे मी त्यांना पुष्कळदा सांगितलं. "न्हाई म्हणूनच शिकवून राहिलो," ते म्हणत. इतिहास म्हणजे त्या विद्यापीठाचा. आधी ते विद्यापीठ नव्हतंच. बंदरात नांगर टाकून उभं केलेलं एक म्हातारं जहाज होतं. पोरं त्याच्यावरच राहायची, शिकायची, डेक घासायची. मग जहाज गंजलं आणि किनाऱ्यावर कॉलेज झालं. बराकी आल्या, परेडचं मैदान आलं, जहाजावरची पितळी घंटा उतरवून मैदानात टांगली. मग ठिकठिकाणची कॉलेजं एका छपराखाली घेतली, कायदा झाला, विद्यापीठ झालं. खोलीत बसून वादळात जहाज हाकायला शिकवणारी यंत्रं आली, मुलींना प्रवेश मिळाला, कमानीवर सोनेरी अक्षरं चढली. माहितीपत्रकात हे सगळं असतं. कप्तान त्याच पायऱ्या सांगत, पण त्यांची तऱ्हा निराळी.

"जहाज होतं तवा तिथं उंदीर लई होते. कॉलेज झालं, उंदरांना खुर्च्या आल्या. विद्यापीठ झालं, उंदरांचे फोटो भिंतीवर लागले."

पोरं हसायची.

"हसू नका. फोटो ध्यानात ठेवा. आत गेल्यावर डावीकडून तिसरा."

डावीकडून तिसरे कॅप्टन दाभोळे. किनारपट्टीचे, तीन पिढ्या दर्यावर्दी घरातले. जहाज होतं तेव्हा ते तिथं तरुण प्रशिक्षक होते, कॉलेज झालं तेव्हा प्राचार्य झाले, आणि विद्यापीठ व्हावं म्हणून दिल्लीच्या पायऱ्या ज्यांनी झिजवल्या त्यांत त्यांचं नाव पहिलं. संस्थेचा इतिहास म्हणजे दाभोळ्यांचं चरित्र, असं तिथले लोक मानतात. कप्तानही तसंच मानत. फक्त दोघांचे अर्थ वेगळे होते.

आता तिथली एक रीत सांगते, कारण सगळं त्या रीतीवर उभं आहे. जहाजाच्या काळापासून तिथं नव्या पोराला पहिल्या परेडला विचारतात, "नाव? बंदर?" बंदर म्हणजे तुझ्या घराजवळचं बंदर. रत्नागिरी, मुंबई, कोची, काय असेल ते छाती काढून ओरडायचं. यशवंत सोनकांबळेला विचारलं तेव्हा त्याला वाटलं, आपलं गाव कशासाठी प्रसिद्ध आहे ते विचारतायत. तो ओरडला, "मुदखेड जंक्शन." सगळी परेड हसून लोळली. त्या दिवसापासून त्याचं नाव 'जंक्शन' पडलं.

त्याच्या शेजारी अहमदपूरचा खाजा शेख उभा होता. बाजारात बांगड्यांची पेटी मांडणाऱ्याचा मुलगा. दोघं नांदेडला एकाच शाळेत होते, एकाच मास्तरांनी दोघांना अर्ज भरायला लावलेला. मित्राची शोभा झालेली त्यानं पाहिली होती. त्याला विचारलं तेव्हा तो डोळ्याची पापणी न हलवता ओरडला, "खाजा शेख, बंदर अहमदपूर." इतक्या ठसक्यात, की प्रशिक्षक दाभोळ्यांनी गुजरातच्या किनाऱ्याचा नकाशा मागवला आणि त्यावर अहमदपूर शोधलं. सापडेना, तेव्हा लक्षात आलं. दोघांना उन्हात डेक घासायला लावला. पण खाजा पुढं प्रत्येक परेडला तेच ओरडत राहिला, आणि शिक्षा देऊन देऊन लोक थकले.

हा किस्सा कप्तान वर्गात सांगत तेव्हा स्वतःच पोट धरून हसत. पुढचा भाग मात्र ते वर्गात सांगायचे तेव्हा उभे राहून सांगायचे.

तिथली दुसरी रीत अशी. वर्षातून एकदा, स्थापनेच्या दिवशी, कर्तव्यावर मेलेल्या सगळ्यांची नावं घंटेखाली पुकारतात. कागद बघायचा नाही, कारण जहाजावर कागद भिजायचा. नावं पाठच पाहिजेत. त्या वर्षीचा सगळ्यात हुशार विद्यार्थी पुकारतो. नाव, बंदर, आणि शेवटी एक शब्द: 'हुकमावर'. म्हणजे हुकूम पाळताना गेला. मग घंटेचा एक टोल. मग मेलेल्याच्या बॅचचा कुणी तिथं असला तर तो उठून म्हणतो, "हजर." नसला तर सगळी परेड म्हणते.

आणि तिसरी गोष्ट, जी रीत नव्हे. जहाजाचं कॉलेज करायचं की नाही हे ठरवायला दिल्लीहून तपासणीचे साहेब आले होते. दाभोळ्यांना त्यांच्यासमोर वल्ह्यांच्या बोटींची कवायत दाखवायची होती. वारा फिरला होता, पाणी फुगलं होतं. सुकाणूवर जंक्शन होता. तो म्हणाला, "साहेब, पाणी बरं नाही."

"मुदखेडच्या पोरानं मला समुद्र शिकवू नये," दाभोळे म्हणाले. "बोट काढा."

बोट उलटली. बाकीच्यांना ओढून काढलं. खाजा राहिला.

तपासणी चालू होती. मान्यता हातची गेली असती. तेव्हा चौकशीत असं ठरलं, की पाण्याची सवय नसलेल्या दुष्काळी मुलखातल्या दोन मुलांनी मौज म्हणून, परवानगीशिवाय बोट काढली आणि इतरांना भरीस घातलं. बोटीतल्या बाकीच्यांनी त्यावर मान डोलावली. त्यांना पास व्हायचं होतं. यशवंतला काढून टाकलं. खाजा हुकमावर मेला नाही, मौजेत मेला, म्हणून घंटेखाली त्याचं नाव कधीच पुकारलं गेलं नाही. कॉलेज मात्र झालं. कप्तान म्हणत, "पायाभरणीत नारळ फोडतात. तिथं खाजा फोडला."

काढून टाकलेला यशवंत साधा खलाशी म्हणून जहाजावर चढला आणि एकेक परीक्षा देत, लोकांच्या दुप्पट वर्षं घालवत कप्तान झाला. त्या वर्षांबद्दल ते बोलत नसत. त्यांत सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणून नव्हे. त्या काळात ते फक्त दात धरून होते आणि दात धरलेल्या माणसाला बोलता येत नाही.

लातूरला आल्यावर मात्र तोंड सुटलं. आमची पोरं सकाळी अंगणातल्या बोटीत बसून हवेत वल्ही मारायची आणि कप्तान बाजूला उभे राहून वारा, लाट, भरती सगळं तोंडानं करायचे. रस्त्यानं जाणारे थांबून हसायचे. प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी एकच धडा: "तिथं बंदर विचारतील. काय सांगायचं?" आणि पोरं ओरडायची, बंदर लोहा, बंदर उदगीर, बंदर देगलूर, बंदर मुखेड. पाणी रेल्वेनं आलं त्या साली दाभोळ्यांनी म्हणे कुठल्याशा समारंभात विनोद केला, की जिथं पाणी गाडीनं येतं तिथं आता बोटी शिकवतात, आणि सभागृह हसलं. आमच्याच एका माजी विद्यार्थ्यानं फोनवर ते कळवलं. त्या साली कप्तानांनी बोट धुणं बंद केलं, कोरड्या फडक्यानं पुसायला लावली, आणि पोरांना असं काही पिदडलं की निकालानंतर अंगण पेढ्यांच्या खोक्यांनी भरलं. "एवढे माणसं वाढले," ते म्हणाले आणि एकही पेढा खाल्ला नाही.

एका रमजान ईदेला आम्ही नांदेडहून परीक्षाकेंद्र बघून परतत होतो. लातूरची एसटी अहमदपूरच्या स्टँडवर थांबली तशी ते उतरले, मलाही म्हणाले, "चला म्याडम, बाई माणूस संगं असलं तर बरं." हातात खजुराचं पाकीट होतं. मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत एक निळं दार. त्यांनी कडी वाजवली.

"कौन?" आतून म्हाताऱ्या बाईचा आवाज.

"यशवंत, अम्मी."

"खाजा का नाम लिए क्या?"

"नै, अम्मी."

दार उघडलं नाही. कप्तानांनी पाकीट उंबऱ्यावर ठेवलं आणि आम्ही परत स्टँडवर आलो. वाटेत त्यांनी मला सांगितलं. खाजाची मय्यत घेऊन तेच आले होते, त्याच दारात. त्याच्या अगोदर संस्थेचा कागद पोचला होता, मौजेसाठी बोट काढली म्हणून. अम्मीनं विचारलं, काय कू निकाले बोट? ते म्हणाले, हुकूम था. त्यावर ती म्हणाली, खाजानं मला सांगितलंय, हुकमावर मरतो त्याचं नाव दरसाल घेतात. त्याचं नाव घेतील त्या दिवशी ये. तोवर नक्को आ.

"ती मला खोटा समजती का खरा, ते मला अजून कळलं न्हाई," कप्तान म्हणाले. "पण बाईची अट बरोबर हाय."

मी त्यांच्यापेक्षा शीघ्रकोपी. दार उघडलं नाही तेव्हा मला अम्मीचा राग आला होता. पण हे ऐकलं आणि मला दाभोळ्यांचाच गळा धरावासा वाटला, आणि तो माणूस मी तोवर पाहिलाही नव्हता.

पाहिला तो पुढच्याच वर्षी. लातुरातल्या एका बड्या क्लासनं जहाजविद्येची शाखा काढली आणि उद्घाटनाला दाभोळ्यांना आणलं. ते आले, फीत कापली, आणि कुणाला न सांगता गाडी आमच्या अंगणाशी थांबवली. गोरे, वाकलेले, हातात काठी, बोलणं लोण्यासारखं. मी वर्ग सोडत होते. कप्तानांनी मला जाऊ दिलं नाही. म्हणाले, साक्षीला ऱ्हावा.

"सोनकांबळे, तुम्ही फार मोठं काम उभं केलंत," दाभोळे म्हणाले. "विद्यापीठात आज जिकडं बघावं तिकडं तुमची मुलं. प्राध्यापकसुद्धा."

"मोजून राहिलाव का?"

दाभोळे हसले. मग म्हणाले, "त्या जुन्या गोष्टीचं मला वाईट वाटतं. खाजगीत सांगतो, चूक माझीही होती."

"त्यातला 'ही' काढा."

"बरं, माझी होती."

"आता हे घंटेखाली सांगा. हुकूम माझा होता, एवढंच. आणि खाजाचं नाव घ्या."

म्हाताऱ्यानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "ते कसं शक्य आहे? त्या तपासणीवर कॉलेज झालं, कॉलेजवर विद्यापीठ. सगळं उकरावं लागेल. माणसापेक्षा संस्था मोठी असते हो."

"संस्था मोठी झाली ते दिसून राहिलं की," कप्तान म्हणाले. "खाजा तेवढाच ऱ्हायला."

मग ते फार अदबीनं म्हणाले, "आलाव तर बोटीत बसा, साहेब." दाभोळ्यांना वाटलं, झालं, मिटलं. पोरांनी हात देऊन त्यांना बोटीत चढवलं. कप्तान सुकाणूपाशी जाऊन उभे राहिले, टाचा जोडल्या. "साहेब, पाणी बरं नाही. आता द्या हुकूम. त्या दिवशी दिला तसाच."

दाभोळ्यांनी काठी चाचपली. ते उठले, उतरताना तोल गेला आणि कप्तानांनीच त्यांना दंडाला धरून सावरलं. गाडीपर्यंत पोचवलं, दार लावून दिलं. मला बरं वाटलं, म्हटलं, शेवटी माणुसकी आहे. नंतर तेच म्हणाले, "इथं पडून मेला असता तर माझं काम अर्धं ऱ्हायलं असतं."

त्या वर्षी बोटीत वल्हं मारत होती लोह्याची राजश्री केंद्रे. वडिलांचं आठवडी बाजारात भांड्यांचं दुकान. फिजिक्समध्ये माझा जीव खाल्ला त्या मुलीनं, एकेक शंका चार चारदा. ती आत गेली, आणि काही वर्षांनी तिचा फोन आला की शेवटच्या वर्षाला ती पहिली आहे, स्थापनेच्या दिवशी नावं पुकारायचा मान तिला मिळालाय, आईवडिलांसोबत दोन पाहुणे आणता येतात.

कप्तान फोन घेऊन अंगणात गेले. बोटीला टेकून बोलले. फार बोलले नाहीत.

तिकडं जाताना गाडीत मी त्यांना छेडलं. "तुम्ही तिला काय सांगितलं?"

"जे सांगायचं ते."

"तिचं ते काय करतील माहीत आहे? तुमचं केलं तेच. तिची पदवी तोंडावर आलीय. तिच्या बापानं भांडी विकून तिला तिथवर पोचवलं. तुमच्या सुडासाठी तुम्ही पुन्हा एका पोराला त्याच पाण्यात ढकलताय." मी संतापले होते. समोरच्या बाकावर राजश्रीची आई डुलक्या घेत होती, म्हणून आवाज दाबला, नाहीतर सगळ्या डब्यानं ऐकलं असतं.

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हुकूम देणारा तिथंच बसलेला असंल, म्याडम. फरक तेवढाच हाय."

मला तो फरक तेव्हा कळला नाही.

मैदान मोठं, पोरापोरींच्या पांढऱ्या रांगा, मधोमध ती पितळी घंटा. पहिल्या ओळीत मानाच्या खुर्चीवर दाभोळे. आम्ही पालकांच्या मंडपात, मागं. ज्या संस्थेनं काढून टाकलं तिच्या आवारात कप्तान इतक्या वर्षांनी पहिल्यांदा पाय ठेवत होते, पण त्यांनी ना इमारती बघितल्या ना घंटा. खुर्ची अशी निवडली की दाभोळ्यांचा चेहरा बाजूनं दिसावा.

राजश्री घंटेखाली येऊन उभी राहिली. खणखणीत आवाज. एकेक नाव, बंदर, हुकमावर, टोल, हजर. जुन्यांपासून नव्यांपर्यंत. शेवटचं नाव झालं. बॅंडवाल्यांनी वाद्यं उचलली. ती तिथंच उभी राहिली.

"खाजा शेख. बंदर अहमदपूर. हुकमावर."

क्षणभर घंटा वाजली नाही. दोरीवर उदगीरचा एक पोरगा होता, आमच्याच अंगणातला. त्यानं दोरी ओढली.

कप्तान उठले. "हजर."

आणि मग रांगांमधून, प्राध्यापकांच्या ओळीतून, कुठून कुठून 'हजर' आलं. बंदर लोहा, बंदर मुखेड, बंदर देगलूर. जितकी माणसं त्यांनी वर्षानुवर्षं तिथं वाढवली होती ती सगळी तिथंच होती. मी राजश्रीकडं बघत होते. कप्तान फक्त दाभोळ्यांकडं बघत होते. दाभोळ्यांनी मान वळवली नाही. काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून ते जमिनीकडं बघत बसले.

दोन अधिकारी धावतच घंटेपाशी गेले. ध्वनिक्षेपक चालू होता, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं. "केंद्रे, हे नाव तुला कुणी सांगितलं? कुणाच्या हुकमावर?"

राजश्रीनं मान ताठच ठेवली.

"हुकूम माझा होता."

कप्तान मंडपातून निघून चालत मैदानाच्या मध्यापर्यंत आले होते. पाय फाकवून उभे राहिले. "मी यशवंत सोनकांबळे, बंदर मुदखेड जंक्शन. पोरीचा काही दोष न्हाई. हुकूम माझा होता." मग वळून पहिल्या ओळीकडं बघून, अजिबात आवाज न चढवता म्हणाले, "एवढंच बोलायचं असतंय, दाभोळेसाहेब. लई अवघड नसतंय."

कुणी हसलं नाही. 'जंक्शन' ऐकूनसुद्धा.

चौकशी बसली. समितीत दोघं आमच्याकडचे निघाले, एक लोह्याचा, एक निलंग्याचा. राजश्रीला ताकीद मिळाली, पदवीही मिळाली. खाजाचं नाव काढायचा विषय निघाला तेव्हा कुणीतरी जहाजाच्या काळापासूनचा नियम दाखवला, की घंटेचा टोल एकदा पडला की परत घेता येत नाही. आता ते नाव दरसाल घेतात. मी नंतर राजश्रीला विचारलं, भीती नाही वाटली का? "वाटली की म्याडम," ती म्हणाली. "पण सर म्हणले होते, हुकूम म्हण, विनंती म्हणू नको. विनंती असती तर मी केलंच नसतं."

परतीला आम्ही राजश्रीच्या आईवडिलांसोबत नांदेडच्या गाडीनं आलो, तिथून एसटी. लोह्याला ते दोघं उतरले. अहमदपूरला कप्तान उठले आणि मला काही न विचारता माझी पिशवी उचलून उतरले. या वेळी हातात काही नव्हतं.

निळं दार. कडी.

"कौन?"

"यशवंत, अम्मी."

"खाजा का नाम लिए क्या?"

"लिए, अम्मी. हुकमावर बोले. घंटा मारे."

गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी रिक्षा धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, म्हातारी रडत असेल. मग आवाज आला, कोरडा, अगदी दाराच्या जवळून.

"और वो साब? उसकू माफ किया क्या तू?"

कप्तान दाराकडं बघत होते. मी बघत होते त्यांच्याकडं. एवढी वर्षं ओळखत होते, पण त्या क्षणी मला त्यांच्या तोंडून काय येईल ते सांगता आलं नसतं. त्यांना मोठेपणा घ्यायची एवढी चांगली संधी पुन्हा मिळणार नव्हती.

"नै, अम्मी."

कडी सरकली. दारात एक वाळलेली, वाकलेली बाई उभी होती, डोळे अजून धारदार.

"मैं बी नै," ती म्हणाली. "आ अंदर."

त्यानंतरही मी त्यांना वर्षभर पाहिलं, अंगणात, वर्गात, शेवटी दवाखान्यात. पण डोळ्यांसमोर येतात ते तसेच, त्या उंबऱ्याशी. एवढा उंच माणूस कमरेत वाकून बुटाच्या नाड्या सोडत होता, आणि अम्मी दार धरून उभी होती, तो आत येईपर्यंत.